कुकडीच्या उलट दिशेने

संपादकांनी विषयासोबत अट घातली होती: एका टाकीभर पेट्रोलात जाऊन परत येता येईल एवढंच लांब जायचं, आणि जायचं थंडीत. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं की तो सिंहगड, पानशेत नाहीतर महाबळेश्वर म्हणतो. मी मैत्रिणीला फोन केला. ती जलसंपदा खात्यात होती, नोकरीचा मोठा काळ तिने कालव्यांवर काढला आणि आता गुडघे धरून निवृत्त आहे. "किल्ला चढणार नाही," ती म्हणाली. "पाटाचं पाणी बघणार असशील तर येते. जुन्नरला जाऊ. पण नदीच्या उलट दिशेने."

उलट दिशेने म्हणजे कसं, ते तिने चाकणच्या कोंडीत उभ्या गाडीत समजावलं. तिथे समजावायला भरपूर वेळ मिळतो. कुकडी नाणेघाटाजवळ उगमते, जुन्नर तालुका आडवा कापते आणि पुढे घोडला मिळते. उगमाकडे पाऊस कोकणासारखा कोसळतो. पूर्वेला आणे पठारावर मात्र ढग नुसते बघून पुढे जातात. एकाच तालुक्यात पश्चिमेला भातखाचरं, मध्ये ऊस आणि द्राक्षं, पूर्वेला बाजरी. "खालून वर गेलीस की पाण्याचा हिशेब कळतो. वरून खाली आलीस तर नुसता निसर्ग दिसतो."

मोबाइल बंद

नारायणगाव सोडून खोडदकडे वळलं की कांद्याच्या आणि उसाच्या वर पांढऱ्या जाळीच्या प्रचंड थाळ्या दिसायला लागतात. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, गावातल्या भाषेत नुसती 'दुर्बीण'. 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या. त्यातल्या 14 खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या 16 तीन फाट्यांनी शेताशिवारात पसरल्यात. पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यातल्या या सगळ्या थाळ्या मिळून एकच दुर्बीण होते. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती बेतली ती काटकसरीने. पत्र्याची भरीव थाळी करायची तर तिला वारा झेपणारा सांगाडा लागतो आणि पैसा सांगाड्यातच जातो. त्यांनी तारांच्या दोरांवर स्टीलची बारीक जाळी ताणली. वारा आरपार जातो, लांब लहरी मात्र जाळीवरून परततात. 2001 मध्ये दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली.

आम्ही परवानगी काढून गेलो होतो. फाटकावरच मोबाइल बंद करायला लावतात. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की चंद्रावर नेऊन ठेवलेला साधा मोबाइलसुद्धा इथे आकाशातल्या ठळक स्रोतांत जमा होईल. म्हणून तर जागा निवडताना डोंगरांची आड, शहरांपासूनचं अंतर आणि तरीही पुण्याला सोयीचं असणं, हे सगळं पाहिलं गेलं. त्या शांततेची किंमत तालुका आजही मोजतोय. पुणे-नाशिक रेल्वे दुर्बिणीच्या शेजारून नेता येणार नाही असं रेल्वे मंत्रालयाने सांगितल्यापासून नारायणगावच्या कुठल्याही हॉटेलात चहा मागवला की त्यासोबत हा विषय येतो. "आम्हाला रेल्वे नाय, कारखाने नाय. आकाशातलं ऐकू येतंय म्हणे," शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ म्हणाले. रागाने नाही, हिशेब सांगावा तसं.

माझ्या मैत्रिणीला दीर्घिकांत रस नव्हता. तिने माहिती देणाऱ्या तरुणाला विचारलं, "शेतीच्या लाइनीचा त्रास होतो का हो?" तो एकदम खुलला. होतो तर. खांबावर तार सैल झाली, चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला की तिथे बारीक ठिणग्या पडत राहतात. माणसाला त्या दिसतही नाहीत, दुर्बिणीला मात्र त्यांची खरखर ऐकू येते. मग कोणत्या खांबावर ठिणगी पडतेय ते हुडकत गाडी फिरवायची, वीज कंपनीला कळवायचं आणि तार घट्ट करून घ्यायची. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा माग काढणारी माणसं शिवारात सैल तार शोधत हिंडतात, हे मला त्या थाळ्यांपेक्षा जास्त आवडलं.

काठावरची राख

खोडदहून बोरी बुद्रुकला गेलो. इथे कुकडीच्या काठावरच्या दरडीत राखेचा थर आहे, फिकट, हातात घेतला तर पिठासारखा. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1980 च्या दशकात त्याचा अभ्यास सुरू केला. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी जो महाप्रचंड उद्रेक झाला, त्याचीच ही राख, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही सापडली, त्यामुळे राखेच्या वयावरून वाद बरेच रंगले. आम्ही पोचलो तेव्हा काठावर एक म्हैस उभी होती आणि दरडीच्या माथ्यावर मोटारीचा पाइप आडवा पसरला होता. बघायला फारसं काही नाही. तरीही जावं.

रात्रीची लाइट

मुक्काम मैत्रिणीच्या ओळखीच्या शेतकरी जोडप्याच्या, दादा-वहिनींच्या वस्तीवर होता. आम्ही ओट्यावर टेकतोय तोच घरातल्या काकांनी विचारलं, "मॅडम, आवर्तन कधी सुटतंय?" म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी. तिला निवृत्त होऊन बराच काळ लोटलाय, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी विचारतात. ती उत्तरही देते, अगदी अंदाजासकट.

जेवताना कळलं की या आठवड्यात लाइट रात्रीची आहे. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. शेताचा फीडर वेगळा, गावठाणाचा वेगळा. घरात दिवे लागलेले असतात, मोटर मात्र मुकी. सौर कृषी वाहिनी योजनेतून सगळ्यांना दिवसा वीज मिळावी असा प्रयत्न गेली काही वर्षं चालू आहे आणि जिथे ती पोचली तिथल्या बायका त्याविषयी फार प्रेमाने बोलतात. या वस्तीपर्यंत ती अजून आलेली नव्हती.

रात्री साडेदहाला विहिरीवरची मोटर आपोआप घरघरली. तिला 'ऑटो' बसवलेला असतो, लाइट आली की मोटर सुरू. सगळ्यांचे ऑटो एकाच क्षणी लागतात आणि डीपीवर एकदम भार येतो. त्या रात्रीही फ्यूज उडाला. दादांनी वायरमनला फोन लावला, त्याने उचलला नाही, मग शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा काठीला आकडा बांधून गेला आणि परत आला तेव्हा लाइट होती. हे कसं केलं ते विचारायचं नसतं.

द्राक्षांना ठिबक आहे, तिथे माणूस लागत नाही. कांद्याला मात्र पाणी वाफ्यानेच द्यायचं आणि दारं धरायला माणूस हवा. म्हणजे काय, तर फावड्याने वाफ्याचं तोंड फोडायचं, पाणी आत घ्यायचं, वाफा काठोकाठ भरायच्या आत तोंड बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. एक वाफा भरायला काही मिनिटंच लागतात, त्यामुळे मध्ये झोप काढता येत नाही. गमबूट घातले तरी पाय गारठतात. दादा आणि वहिनी दोघं निघाले, मागून आम्ही दोघी. "एकट्याने जायचं नाय, हा आता नेमच झालाय," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातात बॅटरी होती, दादांच्या खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात गवळणी लावलेल्या. गाणी ऐकायला नव्हेत. कुणीतरी माणूस आहे हे उसाला कळावं म्हणून.

उसाला म्हणजे उसातल्या बिबट्याला. इथे बहुतेक जण त्याला वाघच म्हणतात. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि बिबट्याला बारा महिने दाट आडोसा, पाणी आणि वस्त्यांवरची कुत्री मिळाली. त्याच्या पिढ्याच्या पिढ्या उसात जन्मल्या. जंगल त्याने पाहिलेलंच नाही. सह्याद्रीतला प्राणी खाली उतरला असं शहरात बोललं जातं तेव्हा हे लोक हसतात. 2001 पासूनच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागात माणसांवर हल्ले खूप वाढले होते. तेव्हा बिबटे पकडून दूर सोडले जात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या सगळ्याचा अभ्यास केला आणि दाखवलं की पकडून दुसरीकडे सोडल्याने त्रास कमी होत नाही, उलट जिथे सोडले तिथे हल्ले वाढतात. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. त्याची मोकळी झालेली जागा दुसरं जनावर घेतं.

अभ्यास पटतो. पण गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बाईच्या पाठीमागे दोन हात अंतरावर ऊस सुरू होतो, तेव्हा अभ्यास आठवत नाही. वाकलेला माणूस बिबट्याला चौपायासारखा आणि लहान दिसतो, हे वन खात्याचे लोक सांगतात आणि म्हणूनच दारं धरताना सारखं उठून उभं राहायला सांगतात. वहिनी दर वाफ्याला उभ्या राहायच्या, बॅटरी गोल फिरवायच्या, पुन्हा वाकायच्या. माणसं दगावली आहेत, लहान मुलंही. ज्या वस्तीवर तसं झालं तिथे बिबट्याच्या सहजीवनाविषयी बोलायचं धाडस मी करणार नाही.

हाच ऊसतोडीचा हंगाम. वरच्या शिवारात मराठवाड्याकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या पडलेल्या होत्या. पहाटे कोयता लावला की कधी कधी सरीत मांजरीएवढे बछडे निघतात. मग तोड थांबते, वन खात्याला फोन जातो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येऊन बछडे तपासतात, आणि संध्याकाळी ते क्रेटमध्ये घालून जिथे सापडले तिथेच ठेवले जातात. समोर कॅमेरा. बहुतेक वेळा रात्रीत आई येते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. दादांच्या उसात असं एकदा झालंय. "पिल्लं गोजिरी होती हो," ते म्हणाले, आणि लगेच, "पण आमची दोन कुत्री गेली त्या साली."

थंडी त्या रात्री चांगलीच होती. द्राक्षवाल्यांना ती एका मापातच हवी असते. कोरडी थंडी पडली तर भुरी-डाऊनी या रोगांची चिंता कमी. दिवस तापला आणि रात्र फार गारठली तर पांढऱ्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडतात, आणि ती निर्यातीत चालत नाहीत, म्हणून घड कागदात गुंडाळून ठेवतात. पारा आणखी उतरला तर मणी तडकू नयेत म्हणून बागेला पाणी द्यायचं, कडेला ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा. म्हणजे तीही रात्रपाळीच. पहाटे चारच्या सुमाराला आम्ही चुलीपुढे बसलो तेव्हा दूरच्या तीन-चार वस्त्यांवर बॅटऱ्या हलत होत्या.

टेलचं पाणी

येडगावला धरणाच्या भिंतीपाशी मैत्रिणीने गाडी थांबवायला लावली. इथून कुकडीचा डावा कालवा निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो, जवळजवळ अडीचशे किलोमीटर. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोडवरचं डिंभे, अशा पाच धरणांचा हा प्रकल्प. डिंभ्याचं पाणीसुद्धा कालव्याने येडगावात आणून मग पुढे सोडतात. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तन ठरतं तेव्हा तीन जिल्ह्यांचे आमदार समोरासमोर बसलेले असतात आणि प्रत्येकाच्या मते त्याच्याच तालुक्यावर अन्याय झालेला असतो.

नियम सांगायला सोपा आहे: आधी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला पाणी, मग वर वर येत हेडला, म्हणजे तोंडाला. नाहीतर हेडचा माणूस भरपूर घेतो आणि टेलच्याला कोरडी चारी बघायला मिळते. प्रत्यक्षात कालव्यात पाणी दिसलं की रात्रीतून काठावर पाइप पडतात. पाइप पाण्याने भरून एक टोक कालव्यात, दुसरं खाली शेतात, की झाला सायफन. मोटर नको, आवाज नाही. "सकाळी काढून टाकायचे, रात्री पुन्हा टाकलेले," ती सांगत होती. "पोलिस बंदोबस्तात पाणी नेलंय आम्ही. वीसेक किलोमीटर कालव्याच्या कडेने जीपमध्ये, पाण्याच्या पुढे पुढे. टेलला पाणी पोचलं की तिथले लोक नारळ फोडायचे आणि हेडचे आम्हाला शिव्या घालायचे. दोन्ही एकाच दिवशी."

गळतीचं मला माहीत नव्हतं. मातीच्या कालव्यातून पाणी झिरपतं, ते सरकारी हिशेबात वाया गेलं. पण तेच आजूबाजूच्या विहिरींत उतरतं आणि कागदावर ज्याला कालव्याचा थेंब मिळत नाही त्याचा कांदा त्यावर पिकतो. म्हणून कालव्याला सिमेंटचं अस्तर करायचं म्हटलं की काठची गावं विरोधाला उभी राहतात आणि टेलची गावं समर्थनाला. मी विचारलं, मग बरोबर कुणाचं? तिने माझ्याकडे खात्यातली माणसं बघतात तसं पाहिलं आणि म्हणाली, "पुढे चल. जुन्नरला मिसळ संपेल."

जुन्नर, घाईघाईत

मिसळ मिळाली. शिवनेरी खालूनच पाहिला, गुडघ्यांना दिलेला शब्द होता. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत, कारण घाटातून माल यायचा आणि मालासोबत दाते. त्यांत यवन म्हणजे ग्रीक वंशाचे दातेही आहेत. मला त्या शिलालेखांतला एक नेहमी आठवतो: कुणा उपासकाने शेतजमिनीचं उत्पन्न एका श्रेणीकडे ठेव म्हणून दिलंय, करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी. दोन हजार वर्षांपूर्वीची ठेव, कामासकट नोंदवलेली. मैत्रिणीला हे सांगितलं तर तिचा प्रश्न तयार होता, "झाडांना पाणी कुणी घालायचं ते लिहिलंय का?"

घाटघर

आपटाळे सोडलं की ऊस संपतो. चावंड डावीकडे ठेवत रस्ता वर चढतो, माणिकडोहचं पाणी खाली निळं पसरलेलं. पूरला कुकडेश्वराचं कोरीव दगडी देऊळ आहे, कुकडीचा उगम म्हणून लोक इथेच हात जोडतात. पुढची खाचरं कापणी होऊन सुकली होती, भाताचे बुडखे आणि मधूनमधून मसूर. इथे महादेव कोळी समाजाची वस्ती. भात एकदाच, पावसावर. त्याखेरीज हिरडा. उन्हाळ्याच्या तोंडी कोवळा बाळहिरडा झोडून, वाळवून विकायचा, हे रोख पैशाचं साधन. 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं मोठ्या प्रमाणात मोडली आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, कारण झाड शेतातलं की रानातलं, पीक की वनोपज, याचाच घोळ.

नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून ओळखला जातो. थोडं खाली उतरलं की सातवाहनांची गुहा. त्यातला राणी नागनिकेचा लेख यज्ञांच्या दक्षिणेचा आहे: गायी, घोडे, हत्ती, नाणी, सगळं आकड्यांत. भारतातल्या अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत हे आकडे मोजले जातात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते, आता वर नावं आणि खाली पावलांचे अवशेष तेवढे राहिलेत. गुहा रविवारच्या ट्रेकरांनी भरली होती, एकजण मोबाइलवर कोकणाचा व्हिडिओ काढत "गाइज" म्हणत होता. उजेड चांगला होता. जीवधन आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका स्वच्छ दिसत होता, कोकण मात्र धुरकट.

जेवण घाटघरला एका घरी सांगून ठेवलं होतं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. वाढणाऱ्या आजींनी तांब्यातलं पाणी मोजून ओतलं तेव्हा मैत्रिणीचं लक्ष गेलं.

"आजी, पाणी आहे ना गावात?"

"आत्ता हाय. होळीपातूर विहिरीला ऱ्हातंय. फुडं मग टँकर नायतर हंडा."

"पाऊस तर एवढा पडतो इथे."

"पडतोय की. चार महिनं घराभायेर पडू देत नाय. समदं खाली जातंय." त्यांनी भाकरीच्या हाताने माणिकडोहच्या दिशेला दाखवलं. "तुमी काय करता बाई?"

मैत्रीण क्षणभर थांबली. मग तिने खरं ते सांगितलं, की पाण्याच्या खात्यात होते, ते खालचं पाणी पुढे सोडण्याचं काम. आणि पुढे, सवयीने, कारणही दिलं: धरणाची पातळी खाली, गाव वर. कालव्याचं पाणी उतारानेच जातं. वर आणायचं तर उपसा लागतो, उपशाला वीज लागते, विजेचं बिल कुणी भरायचं त्याचा प्रस्ताव लागतो. काळा दगड आहे, पावसाचं पाणी मुरत नाही, टाकी बांधायची तर जागा वन खात्याची.

आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"करमाळ्याला जातंय म्हनं आमचं पानी. किती लांब हाय ते?"

"अडीचशे किलोमीटर."

"आन् धरनापासून हितं?"

मैत्रिणीने भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. "जवळ आहे, आजी."

"मग मोटर लावा की," आजी म्हणाल्या, आणि तिच्या ताटात न विचारता आणखी पिठलं वाढलं.